दोस्ताचं सील, जगाचं सील

आमच्या घरात दागिन्यांचा डबा उघडायचा तर तीन बायका लागतात. डबा माझा आणि मोठ्या जाऊबाईंचा सामायिक. कुलपं दोन, एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. इथवर ठीक आहे. पण दोघींनी कुलपं काढली तरी झाकण उघडायचं नाही. सासूबाईंना हाक मारायची, मग त्या गुडघे धरत, कुरकुरत येणार, खुर्चीत बसणार, चष्मा लावणार, आणि मग झाकण वर. मी लग्न होऊन नवी आले होते तेव्हा एकदा म्हटलं, "वहिनी, आपण दोघी आहोत ना? एवढाही विश्वास नाही का?"

"आहे की, भरपूर आहे," जाऊबाई म्हणाल्या. "पण उद्या तुझं माझं वाजलं तर? तू म्हणशील बांगडी होती, मी म्हणेन नव्हती. मग खरं कुणाचं?"

"आणि सासूबाईंचं तरी खरं कशावरून?"

"त्या आपल्या दोघींवर सारख्याच नाराज असतात."

खरंच होतं ते. सासूबाईंनी उभ्या जन्मात कुणाची बाजू घेतलेली नाही, स्वतःच्या मुलांचीसुद्धा नाही.

जाऊबाई अणुवीज केंद्रात आहेत, इंधनाच्या कोठाराच्या प्रमुख. मी त्याच केंद्रात संचालकांच्या कचेरीत लघुलेखिका. म्हणजे साहेब बोलणार, मी टिपून घेणार, टाइप करणार आणि तोंड मिटून बसणार. यातलं शेवटचं काम मला फार जड जातं. आमचे हे तिथेच टर्बाइनवर फिटर आहेत. भाऊजी तेवढे बाहेर, शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळे घरात केंद्राच्या गप्पा सुरू झाल्या की ते पेपर उघडून त्यामागे गडप होतात.

कोठाराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे अणुइंधन तयार होत नाही, ते दूरच्या एका देशाकडून येतं. तो देश इंधन देताना करारात लिहून घेतो की हे फक्त विजेसाठी, इंधनाची एक कांडीही दुसरीकडे, म्हणजे बॉम्बकडे, वळवायची नाही. ते तपासायला त्यांचा माणूस येतो आणि इंधनाच्या काही पेट्यांना त्यांची सीलं लावतो. हा झाला दोन देशांमधला मामला. त्याशिवाय एका आंतरराष्ट्रीय संस्थेचे निरीक्षक येतात. ही संस्था कुठल्या एका देशाची नाही, सगळ्यांची मिळून आहे. तेही मोजतात, कॅमेरे बसवतात आणि उरलेल्या पेट्यांना आपली वेगळी सीलं लावतात. कोठारातली माणसं पहिल्याला दोस्ताचं सील म्हणतात आणि दुसऱ्याला जगाचं सील. दोन्ही दिसायला साधीच, वळलेली तार आणि तिच्या टोकाला नंबर कोरलेली धातूची टोपी. आपल्या विजेच्या मीटरला असतं ना, त्याचंच शिकलेलं भावंड.

या सगळ्याच्या किल्ल्या जाऊबाईंच्या कमरेला. त्यांच्याआधी तिथे बाई कधीच नव्हती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या लागल्या तेव्हा त्यांना वर्षानुवर्षं नुसते आकडे जुळवायला बसवलं होतं, कोठाराचा दरवाजा बघायचा तो काचेतून. ज्या दिवशी किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तो जुडगा जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि भाऊजींना म्हणाल्या, "बघा." बस, एवढंच. भाऊजींनी पेपर खाली केला, यावरून काय ते समजा. आम्ही सगळ्यांनी तो जुडगा हातात घेऊन बघितला. दुसऱ्या दिवशी कळलं की किल्ल्या घरी आणायची परवानगी नव्हती, आणि जाऊबाईंनी स्वतःच जाऊन ते साहेबांना सांगितलं. अशी ही बाई. हिच्यासोबत एका घरात राहणं म्हणजे काय, ते माझं मला ठाऊक.

दोस्त देशाच्या माणसाला आम्ही दोस्त साहेब म्हणायचो. उंच, टकला, हसरा माणूस. इतकी वर्षं येत होता की आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा आणि जाऊबाईंना वहिनी म्हणायचा, कारण आमच्या ह्यांच्या तोंडून त्याने तेच ऐकलं होतं. आमच्या घरी जेवायला यायचा, सासूबाईंच्या पाया पडायचा, आणि सासूबाई त्याच्यावरही नाराज असायच्या. त्याच्या उलट जगाच्या बाई. संस्थेच्या निरीक्षक. बारीक अंगकाठी, केस चापून बांधलेले, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. येण्याआधी कळवतील याचा भरवसा नाही आणि आल्यावर कोणाशी हवापाण्याचंसुद्धा बोलणं नाही. आमच्या कचेरीत त्या आल्या की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे शर्टाची बटणं तपासायचे.

त्या वर्षी दोन्ही देशांमधला करार नव्याने लिहिला जात होता. दोस्त देशाचं म्हणणं असं, की आपली इतक्या वर्षांची मैत्री आहे, तर आपण दोघं एकमेकांकडे बघू, जगाला मध्ये कशाला घ्यायचं? संचालक साहेबांना ही कल्पना भलतीच आवडली होती. "घरातलं घरात राहतं," असं ते मला पत्राचा मजकूर सांगता सांगता म्हणाले. मी तेही टिपून घेतलं, मग त्यांनी ते खोडायला लावलं.

नेमकी त्याच दिवसांत ती चूक झाली.

एका पेटीच्या झाकणाचं रबर बदलायचं होतं. पेटीला दोस्ताचं सील होतं, म्हणून दोस्त साहेब हजर. कोठारात सील कापायची एक रीत आहे. कापणाऱ्याने नंबर मोठ्याने म्हणायचा, समोरच्याने तो टोपीवर वाचून परत म्हणायचा, मग तारेवर बोट ठेवायचं, तार टोपीपासून कडीपर्यंत बोटाने चाचपत न्यायची आणि मगच पक्कड लावायची. जाऊबाईंनी नंबर म्हटला. दोस्त साहेबांनी परत म्हटला. दोघांनी हे इतक्या वेळा केलं होतं की मध्येच दोस्त साहेब आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगायला लागले, जाऊबाई हसल्या, आणि तार चाचपायची राहिली. दोन पेट्यांच्या तारा कठड्यामागून एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. पक्कड लागली ती शेजारच्या पेटीच्या तारेला. टोपी टणकन फरशीवर पडली. ते जगाचं सील होतं.

आणि तो कोपरा कॅमेऱ्यात दिसत नव्हता. मध्ये खांब येतो.

दोस्त साहेबांनी टोपी उचलली, बघितली, आणि म्हणाले, "वहिनी, काही झालं नाही. पेटी उघडली नाही, मी डोळ्यांनी बघतोय. आत्ता माझं सील लावतो, दोघं सही करू. संस्थेचे लोक नेहमीच्या फेरीला येतील तेव्हा सांगू. तुमचा देश, माझा देश, दोघांना मान्य. संपलं."

माणूस मनाचा चांगला होता, मला त्यात खोट दिसत नाही. आणि त्याने हे का म्हटलं तेही उघड होतं. जगाचं सील चुकून तुटलं तर त्याच क्षणी कळवायचं, आणि ज्याच्या हातून तुटलं त्याच्या किल्ल्या काढून घ्यायच्या, असा कोठाराचा नियम. जाऊबाईंना तो तोंडपाठ होता. किल्ल्या गेल्या की त्या पुन्हा काचेबाहेर.

त्यांनी कोठारातूनच फोन लावला. आधी संस्थेला, मग संचालकांना. हा क्रम साहेबांच्या फार जिव्हारी लागला.

साहेबांनी त्यांना बोलावलं तेव्हा मी वही घेऊन बसले होते. "दोन मित्रांत मिटलं असतं ते तुम्ही जगभर केलंत," साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "आता ते येणार, सगळं कोठार उपसणार. इंधन भरायचं काम पुढे जाणार. आणि करार? दोस्त देशाने शब्द दिला होता ना? त्यांच्या माणसाचा शब्द तुम्हाला पुरला नाही?"

"मला पुरला, साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या शब्दाला तो साक्षी, त्याच्या शब्दाला मी साक्षी. आम्ही दोघं तिथे एकटेच होतो. तिसऱ्या कुणी बघितलं नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आज आमची मैत्री आहे म्हणून ते खरं आहे. मैत्री गेली की खोटं."

साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितल्या. जाऊबाईंनी जुडगा काढून ठेवला. त्यांची बदली प्रशिक्षण विभागात केल्याचा आदेश साहेबांनी तिथल्या तिथे मला सांगितला आणि मी तो टाइप केला. माझ्या हातून त्या दिवशी एकही अक्षर चुकलं नाही, याचाच मला राग आला.

मग जगाच्या बाई आल्या, सोबत आणखी निरीक्षक, यंत्रं आणि खोकी. त्यांनी ती पेटी उघडली. आतली एकेक कांडी यंत्राखाली धरली, मोजली. तेवढ्यावर थांबतील तर त्या जगाच्या बाई कसल्या? शेजारच्या पेट्या, त्यांच्या शेजारच्या पेट्या, असं करत अख्खं कोठार मोजलं. इंधन भरायचं काम रखडलं, टर्बाइन थांबून राहिलं. आमचे हे घरी येऊन ताटाशी बसले की वहिनींकडे बघायचे नाहीत. वसाहतीत लोक तोंडावर बोलायचे, "काय बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात, आमच्याही पाडलात." मीही चिडले होते. का चिडू नये? घरातलं माणूस एवढं मोठं होऊन बसलं होतं आणि स्वतःच्या तोंडानं खाली उतरलं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "वहिनी, थोडं थांबून सांगितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"थांबले असते तर मधल्या वेळात काय झालं, ते कोणाला सांगता आलं असतं?" त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या. त्या रडल्या नाहीत. प्रशिक्षण विभागात नव्या लोकांना सीलं कापायला शिकवायचं काम होतं, ते त्या करू लागल्या. पहिल्याच तासाला फळ्यावर स्वतःची चूक काढून दाखवायच्या: खांब, कठडा, दोन तारा.

पुढे दोस्त देशात निवडणूक झाली आणि सरकार बदललं. नव्या सरकारला जुन्या सरकारच्या मैत्र्या नकोशा झाल्या. दोस्त साहेबांना परत बोलावून घेतलं, आणि थोड्याच दिवसांत तिकडून आरोप आला. आमच्या केंद्रात एक पेटी परस्पर उघडली गेली, आतल्या कांड्या गायब केल्या, आणि त्यांचाच प्रतिनिधी त्यात सामील होता म्हणे. चौकशी होईपर्यंत इंधन बंद. नवा करार तर बाजूलाच राहिला. इंधन नाही म्हणजे वीज नाही आणि आमच्यापैकी निम्म्यांना कामही नाही. जाऊबाईंचं तर त्याहून वाईट. आता प्रश्न किल्ल्यांचा राहिला नव्हता. चोर म्हणून त्यांचं नाव जाणार होतं.

सुनावणी केंद्राच्याच मोठ्या सभागृहात झाली. लांबलचक टेबल, एका बाजूला दोस्त देशाचा नवा प्रतिनिधी आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला आमचे संचालक साहेब, मध्ये जगाच्या बाई. मी कोपऱ्यात टिपून घ्यायला. जाऊबाई साध्या सुती कपड्यांत, केस बांधून, खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

आमच्या साहेबांनी मैत्रीची आठवण करून दिली. वकील म्हणाले, मैत्री आधीच्या सरकारची होती. साहेबांनी दोस्त साहेबांचा शब्द सांगितला. वकील म्हणाले, त्याच माणसावर तर आरोप आहे, त्याच्या शब्दाचं काय घेऊन बसलात? साहेबांचा चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली, आणि मला त्यांची सहसा येत नाही.

मग वकील जाऊबाईंकडे वळले. "सील तुम्ही कापलं?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही. चुकून. नंबर वाचला, तार चाचपली नाही. बोलण्यात लक्ष गेलं."

"आणि यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका," जाऊबाई म्हणाल्या. "मी तरी कुठे सांगितलं ठेवा म्हणून?"

सभागृहात कुणीतरी हसलं. वकील जगाच्या बाईंकडे वळले आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "ह्या बाई या केंद्राच्या पगारी नोकर आहेत. तुमची संस्था त्यांच्यावर इतका विश्वास का टाकते, ते मला समजत नाही."

जगाच्या बाईंनी समोरचे कागद सरळ केले. त्या म्हणाल्या, "आम्ही यांच्यावर विश्वास टाकत नाही. कधीच टाकला नाही. त्यांनी कळवलं, आम्ही आलो, आम्ही स्वतः मोजलं. सगळ्या कांड्या जागेवर होत्या. तेव्हा लावलेलं आमचं सील आज सकाळपर्यंत शाबूत होतं, ते कापून परत मोजल्या. आत सगळं आहे. तुमच्या देशाला हवं तर आमच्यासोबत या आणि बघा. त्यांनी त्या दिवशी कळवलं नसतं, तर आज मला इथे एवढंच म्हणता आलं असतं की मला माहीत नाही."

दोस्त देशाच्या नव्या प्रतिनिधीने कोठारात जाऊन बघितलं. परत आला तेव्हा तो वकिलाच्या कानात काहीतरी बोलला, वकिलांनी आपली फाइल मिटली. त्यांना मैत्री नको होती, पण जगासमोर खोटंही पडायचं नव्हतं. इंधन सुरू झालं. दोस्त साहेबांवरचा आरोप मागे घेतला गेला. नवा करार झाला तो जगाच्या निरीक्षकांना धरूनच, आणि या वेळी संचालक साहेबांनी घरातलं घरात वगैरे काही सांगितलं नाही.

माझं म्हणाल तर मी त्या सभागृहात पेन्सिल खाली ठेवून माझ्या जाऊबाईंकडे नुसती बघत बसले होते. "आम्ही विश्वास टाकत नाही" हे ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू कुणी हार घातलाय. मला अभिमानाने रडू आलं. आमच्या घरातल्या बाईने उभ्या केंद्राची अब्रू राखली होती, आणि ती कशाने, तर स्वतःची चूक स्वतः सांगून. ज्यांनी तिला पायावर धोंडा पाडलास म्हणून सुनावलं होतं, ते सगळे संध्याकाळी आमच्या दारात उभे. आमचे हे तर सर्वांत पुढे, आणि घर त्यांचंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावलं. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर तयार होता. "घ्या बाई," साहेब म्हणाले. "झालं गेलं विसरून जाऊ."

त्या जुडग्याकडे त्या कशा बघत होत्या ते मी बघितलं. त्यांना तो किती हवा होता ते मला ठाऊक होतं, सगळ्या घराला ठाऊक होतं. तरी त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुम्ही नियमाने काढल्यात, साहेब, ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "पण मर्जीने परत देऊ नका. माझी परीक्षा घ्या. आणि परीक्षक बाहेरचा आणा."

"अहो, आता कसली परीक्षा? सगळ्या जगाने बघितलं!"

"जगाने मी खरं बोलते हे बघितलं. मला सील नीट कापता येतं का, ते कुठे बघितलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मी काय सांगणार? दागिन्यांचा डबा उघडतानासुद्धा ही बाई माझं ऐकत नाही.

परीक्षक म्हणून शेवटी जगाच्या बाईच आल्या. कोठारात, त्याच खांबामागे, त्याच कठड्याशी. आत फक्त त्या दोघी आणि एक साक्षीदार. मी बाहेर काचेला नाक लावून उभी, माझ्यासोबत निम्मं केंद्र. जाऊबाईंनी नंबर म्हटला, समोरून परत आला, मग त्यांचं बोट तारेवरून सावकाश, टोपीपासून कडीपर्यंत, मागे, पुन्हा पुढे फिरलं. मग पक्कड. तार तुटली. योग्य तार. अशा एकामागून एक सगळ्या पेट्या.

बाहेर आल्या तेव्हा किल्ल्या हातात होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, ह्यांनी शिट्टीसुद्धा मारली. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "काही बोलल्या का त्या?"

"म्हणाल्या, पास आहात. पण पहिल्या तारेला तुमचा हात थरथरला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बाई, मागच्या वेळी नव्हता थरथरला, म्हणून तर चूक झाली."